शेवाळ खाणारा मासा आणि त्याचे पोट

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या मेळाव्यात विज्ञानावर कोणीतरी बोलावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मी बी.ए., बी.एड. माझे विषय इतिहास आणि मराठी. प्रयोगशाळेत मी कधी गेलोच तर बहुधा खडूची पेटी मागण्यासाठी. परंतु मागे एकदा शिक्षक-खोलीत चहा पिताना मी एका माशाची हकीकत सांगितली होती. ती मुख्याध्यापकसाहेबांच्या ध्यानात राहिली आणि त्यांनी हुकूम सोडला की हीच हकीकत पालकांपुढे सांगा. तेव्हा शास्त्र म्हणून नव्हे, तर माझ्या हातून काय चुकले आणि त्यातून मी काय शिकलो, एवढेच मी आपणांस सांगणार आहे.

२०१५ च्या जूनपासून २०१८ च्या मार्चपर्यंत मी शारजात एका भारतीय शाळेत शिकवीत होतो. राहायला मामूंच्या घरी. आमचे मामू मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. आखातात नोकरीला जाऊन त्यांना तीस वर्षे झाली, पण पाण्याची ओढ काही सुटली नाही. तिथे दारात खाडी नाही, म्हणून त्यांनी दिवाणखान्यातच समुद्र आणून ठेवला होता. चार फूट लांब काचेची टाकी, आत साधारण तीनशे लिटर खारे पाणी. त्यात खडकांची रचना, खडकांवर जिवंत प्रवाळ, आणि मधून फिरणारे सात-आठ मासे. परवाना असलेल्या दुकानातून, कागदपत्रांसह घेतलेले हे प्रवाळ होते. कागदपत्रांचा उल्लेख मी मुद्दाम करीत आहे; त्याचे कारण पुढे येईल.

गोड्या पाण्यातली गोल्डफिशची टाकी आपण सर्वांनी पाहिली आहे. प्रवाळाची टाकी म्हणजे त्याहून पुष्कळच अवघड काम. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार राहिले पाहिजेत. पाण्याची वाफ होते, पण मिठाची होत नाही. त्यामुळे रोज थोडे गोडे, शुद्ध केलेले पाणी घालून ते प्रमाण राखावे लागते. तापमान २५-२६ अंशांच्या आसपास हवे. शारजातल्या जुलैमध्ये ते राखण्यासाठी पाणी थंड करणारे वेगळे यंत्र लागते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. खडकांवर वसती करून राहिलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. ही जिवाणूंची वसती बसायलाच चार-सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत मासा सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे होय. शेवटी उरलेले नायट्रेट मात्र सहसा कुठे जात नाही. दर आठवड्याला थोडे पाणी बदलून ते आपणच कमी करावे लागते.

या नायट्रेटवर आणि अन्नातून येणाऱ्या फॉस्फेटवर शेवाळ वाढते. शेतात खत घातल्यावर पिकाबरोबर तण वाढावे, तसाच हा प्रकार.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये नानीची तब्येत बिघडली आणि मामू अडीच महिन्यांसाठी गावी आले. घरी मामी, चौथीत शिकणारी माझी मामेबहीण आणि मी. टाकीची जबाबदारी मामूंनी माझ्यावर सोपवली. एका कागदावर त्यांनी सर्व लिहून दिले होते: अन्न किती चिमूट, दिवा किती तास, पाणी कोणत्या दिवशी बदलायचे. मी तो कागद काचेला चिकटवला आणि पहिल्याच आठवड्यात त्याविरुद्ध वागू लागलो. मासे काचेपाशी येऊन तोंड वासत, म्हणून मी चिमटीऐवजी चांगले मूठभर अन्न घाली. सहामाहीचे पेपर तपासायला दिवाणखान्याइतकी शांत जागा दुसरी नव्हती, आणि टाकीचा दिवाही तिथे उजेडाला बरा पडे. तेव्हा आठ तासांचा दिवा चौदा तास जळू लागला.

महिन्याभरात काच हिरवी झाली. खडकांवर मखमलीसारखा थर चढला, काही ठिकाणी केसांसारखे तंतू लोंबू लागले, आणि एका प्रवाळाच्या कडेवरून शेवाळ आत सरकू लागले. मामूंना कोणत्या तोंडाने सांगणार? मी त्यांना न सांगता दुकान गाठले.

दुकानदाराने मला एक मासा दाखवला. तो म्हणाला, “हा न्या. सगळं साफ करील. आणि याला वेगळं खायला घालायची गरज नाही, शेवाळ खाऊनच जगतो.” याहून सोयीचा नोकर कोणाला नको असेल? मी सत्तर दिरहम मोजले आणि पिशवी घेऊन घरी आलो.

आता या माशाची थोडी ओळख करून देतो. इंग्रजीत त्याला लॉनमोअर ब्लेनी म्हणतात, म्हणजे हिरवळ कापणारा. शास्त्रीय नाव सॅलारियस फॅसिएटस. बर्लिनचे डॉक्टर व मत्स्यशास्त्रज्ञ ब्लॉख यांनी १७८६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. तांबडा समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा इथपासून पार पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांपर्यंत, उथळ पाण्यातल्या प्रवाळांत व दगडगोट्यांत तो राहतो. पुरा वाढला तरी चौदा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. रंग मातकट, त्यावर पट्टे आणि ठिपके. रूपाने यथातथाच. डोळे डोक्याच्या अगदी वर, आणि डोळ्यांवर झालरीसारखे बारीक तंतू. आपल्या खाडीच्या चिखलात ओहोटीच्या वेळी निवटे उड्या मारताना आपण पाहिले असतील. पहिल्यांदा या माशाला पाहिल्यावर मला निवट्याचीच आठवण झाली. कूळ मात्र दोघांचे वेगळे आहे.

पोहण्यात याला फारसा रस नाही. पाण्यात तरंगत राहण्यासाठी अनेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, ती याला नसते. त्यामुळे हा खडकावर बसतो, तिथून दुसऱ्या खडकावर उडी मारतो, पुन्हा बसतो. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवून सगळ्या घरावर नजर ठेवतो. भीती वाटली की शेपटीकडून मागे सरकत बिळात शिरतो आणि फक्त तोंड बाहेर ठेवतो. आमच्या मामींनी त्याला पाहताच सांगितले की हा चाळीच्या गॅलरीत बसणारा म्हातारा आहे. पुढे घरात त्याचे नावच ‘चाचा’ पडले.

त्याची खरी करामत तोंडात. ओठ जाड, आणि जबड्यात कंगव्याच्या दातांसारखे अगदी बारीक, पुष्कळसे दात. हे दात हाडात घट्ट रोवलेले नसतात, हिरडीत हलते असतात. त्यामुळे खडबडीत दगडावर तोंड टेकवून तो ब्रशने घासावे तसा पापुद्रा खरवडून घेतो. काचेवर त्याने तोंड लावले की तिथे ओठांच्या आकाराचा स्वच्छ ठसा उमटे. तीन-चार दिवसांत आमच्या हिरव्या काचेवर असे शेकडो ठसे दिसू लागले. मामेबहीण ते मोजायला बसे. मलाही मोठा हुरूप आला.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इतिहासाच्या मास्तराला तेवढी मुभा असावी. शेवाळ खाणारे प्राणी समुद्रात काय काम करतात हे जगाला एका दुर्घटनेने कळले. कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे काळे सागरी अर्चिन, म्हणजे समुद्रातले साळिंदरच म्हणा, प्रवाळांवरचे शेवाळ खात असत. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मोठे मासे आधीच फार पकडले गेले होते. तरी या अर्चिनमुळे काम भागत होते. १९८० च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅलन नावाचे चक्रीवादळ आले, प्रवाळ मोडले. मग १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ अर्चिन एका रोगाने मरू लागले, आणि वर्षभरात ती साथ सबंध कॅरिबियन समुद्रात पसरली. शंभरातले नव्वदांहून अधिक मेले. खाणारे कोणी उरले नाही, तेव्हा शेवाळाने प्रवाळ झाकून टाकले. जमैकात १९७० च्या दशकाच्या अखेरीस तळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस शंभरात पाच भागही उरला नाही. हे वाचल्यावर मला आमच्या टाकीतल्या त्या एका प्रवाळाच्या कडेवर सरकणारे शेवाळ आठवले. पण वाचन पुष्कळ नंतरचे. त्या वेळी मी फक्त ठसे मोजत होतो.

सहा आठवड्यांत टाकी लखलखीत झाली. केसांसारखे लांब तंतू तेवढे चाचा खाईना. ते मी हाताने उपटले. दिव्याची वेळ पुन्हा आठ तासांवर आणली. पाणी नियमाने बदलू लागलो. खडकांच्या फटींतला गाळ रबरी नळीने शोषून काढला. काचेवर कुठे हिरवी झाक उरली असेल तर चुंबकाच्या घासणीने तीही पुसून टाकली. मामू परत येण्यापूर्वी टाकी आरशासारखी दिसली पाहिजे, एवढाच माझा ध्यास होता.

एके दिवशी संध्याकाळी मामेबहीण टाकीपुढे बसली होती. ती म्हणाली, “भाई, चाचाचं पोट आत गेलंय.”

मी वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, “तो तसाच असतो. अभ्यास कर.”

चार दिवसांनी ती पुन्हा म्हणाली, “भाई, तो आता काचेवर येत नाही.” मी म्हणालो, “काचेवर शेवाळच नाही तर येईल कशाला?” हे वाक्य मी माझ्या तोंडाने उच्चारले, आणि त्याचा अर्थ मला समजला नाही! वर्गात मुलांना मी रोज सांगतो की वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी चाचा खडकाच्या मागे आडवा पडलेला सापडला. बाहेर काढून पाहिले तर पोटाच्या जागी खळगा होता आणि डोक्यामागची पाठ धारेसारखी निमुळती झाली होती. लखलखीत टाकीत तो उपाशी मेला होता. मामेबहीण रडली नाही. तिने मला एवढेच विचारले, “मी सांगितलं होतं ना?” दुकानदाराला दोष देणे सोपे होते आणि दोन दिवस मी तो दिलाही. परंतु दुकानदार काही आमच्या दिवाणखान्यात बसलेला नव्हता. तिथे मी होतो, आणि मला सांगणारी एक मुलगीही होती.

मामू आल्यावर मी सर्व कबूल केले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “गड्या, झाडू भिंतीला टेकवून ठेवता येतो. याला पोट आहे.” मग त्यांनी मला वाचायला बसवले.

वाचनात जे समजले त्याने माझी चूक अधिकच स्पष्ट झाली. शेवाळखाऊ म्हणून प्रसिद्ध असलेला हा मासा नुसते शेवाळ खातच नाही. २००० सालच्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर या गटातल्या माशांच्या आतड्यांत काय सापडते याची तपासणी झाली. शेवाळापेक्षा अधिक सापडला तो सेंद्रिय गाळ. म्हणजे शेवाळाच्या बुंध्यात अडकलेले कुजके कण, त्यांवरचे जिवाणू आणि असेच बरेच काही. खडक खरवडताना शेवाळाबरोबर तो हा गाळही घेतो, आणि त्याचे बरेचसे पोषण त्यातूनच होते. मी काय केले होते? शेवाळ त्याने संपवले, काचेवरचे उरलेसुरले मी पुसले, आणि गाळ नळीने शोषून बादलीत ओतला. त्याच्या ताटात जे जे होते ते मी स्वच्छतेच्या नावाखाली काढून घेतले. वरून इतर माशांसाठी जे अन्न पडे ते तळाशी येण्याआधीच ते चपळ मासे फस्त करीत.

दुसरी गोष्ट अशी की शेवाळ येण्याचे कारण टाकीत मासा नव्हता हे नव्हतेच. मूठभर अन्न घालणारा हात माझा होता, दिवा चौदा तास ठेवणाराही मीच. मासा शेवाळ खातो, पण त्याचे तो खतच करून त्याच पाण्यात टाकतो. नायट्रेट टाकीबाहेर जात नाही. ते काम पाणी बदलण्याचे, कमी खाऊ घालण्याचे आणि फेस काढणाऱ्या स्किमर यंत्राचे.

दुसरा मासा आम्ही २०१७ च्या जानेवारीत आणला, पण या वेळी तिघे मिळून गेलो. मामूंनी दुकानात अर्धा तास उभे राहून माशाला खाताना पाहिले. जो खात नाही तो घ्यायचा नाही. पोट भरलेले, किंचित गोल दिसले पाहिजे. डोळे सतत फिरते हवेत. बसलेला असतानासुद्धा मासा सावध दिसला पाहिजे. घरी आल्यावर पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवून, मधून मधून टाकीचे थोडे पाणी तिच्यात घालून त्याला आमच्या पाण्याची सवय केली. टाकीवर जाळीचे झाकण बसवले, कारण हे मासे घाबरले की बाहेर उडी मारतात आणि सकाळी फरशीवर वाळलेले सापडतात. शिवाय एका टाकीत याच्या जातीचा, किंवा याच्यासारखा दिसणारा, दुसरा मासा ठेवायचा नाही. आपल्या खडकाच्या मालकीबद्दल हा फार कडक असतो.

आता खाण्याचा प्रश्न. तयार झालेल्या, काही महिने जुन्या टाकीत खडकांवर जो पापुद्रा असतो तो त्याच्यासाठी राखून ठेवायचा असे आम्ही ठरवले. काचेची पुढची बाजू तेवढी पुसायची. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा त्याच्या. पण तेवढ्याने भागणार नाही हे उघड होते. म्हणून मामूंनी एक युक्ती काढली. एका बादलीत टाकीतले काढलेले जुने खारे पाणी घ्यायचे, त्यात मुठीएवढे चार-पाच दगड ठेवायचे आणि बादली खिडकीतल्या उन्हात ठेवायची. बाहेर गॅलरीत नाही. तिथल्या उन्हात पाणी तापून उकळण्याच्या बेताला येते. दोन-तीन आठवड्यांत दगडांवर शेवाळ येते. मग एक दगड टाकीत, खाल्लेला दगड परत बादलीत. मामींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ही शेती जवळजवळ वर्षभर चालली. त्यांच्या तक्रारी मी इथे सांगत नाही.

याच्या जोडीला नोरी. जपानी लोक भाताच्या सुरळ्या ज्या हिरव्या-काळ्या कागदासारख्या पानात गुंडाळतात ते समुद्रशेवाळ. मसाला व मीठ न लावलेले घ्यायचे, त्याची पट्टी दगडाला रबराने बांधायची आणि माशाच्या बिळाजवळ ठेवायची. पहिले दहा दिवस दुसऱ्या चाचाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. रोज संध्याकाळी लिबलिबीत झालेली पट्टी काढून टाकायची, कारण ती कुजली तर पुन्हा तेच फॉस्फेट. अकराव्या दिवशी त्याने तिच्यावर तोंड टेकवले. मामेबहीण धावत स्वयंपाकघरात बातमी द्यायला गेली.

या नोरीची एक गोष्ट आहे, ती आपल्या मुलींसाठी मला सांगावीशी वाटते. जपानमध्ये शेकडो वर्षे या शेवाळाची शेती होत असे, पण उन्हाळ्यात ते जाते कुठे आणि पुन्हा येते कोठून हे कोणालाच माहीत नव्हते. बी नसलेली शेती ती. पीक येईल तेव्हा येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर तर पीक फारच घटले. इकडे इंग्लंडात मँचेस्टरमध्ये कॅथलीन ड्रू-बेकर नावाच्या बाई वेल्सच्या किनाऱ्यावरच्या अशाच एका शेवाळाचा अभ्यास करीत होत्या. लग्न झाले म्हणून विद्यापीठातली त्यांची अध्यापकाची नोकरी गेली होती. विवाहित स्त्रीला नोकरी न देण्याचा तिथला तेव्हाचा नियमच तसा होता. त्या बिनपगारी संशोधन करीत राहिल्या. शिंपल्यांवर वाढणारी एक गुलाबी बुरशीसारखी वनस्पती वेगळीच जात म्हणून ओळखली जात होती. ती वेगळी जात नसून त्याच शेवाळाची बालपणीची अवस्था आहे, हे त्यांनी १९४९ साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले. म्हणजे शिंपले हवेत, तर बी तयार होते! जपानी शास्त्रज्ञांनी ते उचलले आणि नोरीची शेती भरवशाची झाली. बाई १९५७ साली वारल्या. जपान त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. १९६३ साली जपानच्या कुमामोतो प्रांतात उतो येथे, समुद्राकडे तोंड करून त्यांचे स्मारक उभारले गेले, आणि दरवर्षी १४ एप्रिलला तिथे त्यांची आठवण केली जाते. आमच्या चाचाचे रात्रीचे जेवण त्या बाईंच्या मेहनतीतून आले होते.

आता पालकांना जे विचारायचे असेल ते मी आधीच सांगून टाकतो. हे भाषण ऐकून घरी गेल्यावर मुले टाकी मागणार. प्रवाळाची टाकी मागितली तर सरळ नाही म्हणा. खर्च हे एक कारण आहेच, पण मोठे कारण कायदा. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारे सर्व प्रवाळ आहेत. म्हणजे कायद्याने वाघाला जे संरक्षण, तेच पोवळ्याला. मालवणला समुद्रात बुडी मारून कोणी तुकडा आणला, लक्षद्वीपहून कोणी आठवण म्हणून पांढरा वाळलेला तुकडा आणला, तरी तो गुन्हाच. जिवंत असो की मेलेला. आपल्या विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचे प्रवाळांचे बुडालेले पठार आहे. ते तिथेच असू द्यावे. खाऱ्या पाण्याची हौसच असेल तर कृत्रिम, भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे खडक वापरून नुसत्या माशांची टाकी करता येते, आणि शेवाळ त्या खडकांवरही उत्तम येते. पण तीसुद्धा पहिली टाकी म्हणून नको.

परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरी गोड्या पाण्याची टाकी आज आहेच, आणि तिच्यात काचेला चिकटलेला काळपट, ठिपक्यांचा एक मासा आहे. दुकानात त्याला ‘सकर’ म्हणतात. तो घेताना दुकानदार काय सांगतो? “हा टाकी साफ ठेवतो, याला खायला घालायला नको.” हेच वाक्य मी शारजात ऐकले होते. या माशाचे मूळ दक्षिण अमेरिकेत. दुकानात तो बोटाएवढा असतो, पण वाढून फुटाहून मोठा होतो. दीड फुटाच्या टाकीत शेवाळ असून असून किती असणार? त्याला काकडीचे काप, उकडलेला पालक, तळाला जाणारी शेवाळाची गोळी असे काही रात्री दिवा बंद केल्यावर दिले पाहिजे, कारण तो रात्री जेवणारा आहे. आणि मोठा झाला, परवडेना, म्हणून त्याला विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. पूर्व कोलकात्याच्या मत्स्यतळ्यांत हे मासे असेच शिरले आणि आता ते कोळ्यांची जाळी फाडतात. ज्या दुकानातून घेतला तिथेच परत द्यावा.

आपला मासा उपाशी आहे की नाही हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. तो काचेला चिकटला की खालून त्याचे पोट दिसते. भरलेले असले तर सपाट किंवा जरा फुगीर, उपाशी असला तर दोन्ही बाजूंनी आत गेलेले. डोळे खोल गेले असतील तर फार उशीर झाला समजावे. ब्लेनीचे पोट बाजूने पाहायचे, बस्स, एवढाच फरक.

आमचा दुसरा चाचा मी २०१८ च्या मार्चमध्ये परत आलो तेव्हा चांगला गलेलठ्ठ होता. त्याचे श्रेय माझे नाही. त्याला आणल्याच्या दिवशी मी मामेबहिणीला शंभर पानी एक वही दिली होती आणि सांगितले होते की रोज संध्याकाळी चाचाचे पोट जसे दिसेल तसे, बाजूने, फक्त एका रेषेत काढायचे. खाली तारीख आणि त्या दिवशी त्याने काय खाल्ले ते. मला वाटले होते आठवड्यात कंटाळेल. चौदा महिन्यांत तिचे एकूण सदतीस दिवस चुकले, आणि त्यांतले बरेचसे परीक्षेचे. २०१७ च्या जूनमध्ये रेषा तीन दिवस ओळीने आत गेलेली दिसते. तिने ती मला दाखवली, आम्ही शोधले, तर बादलीतल्या दगडांवर शेवाळ येणेच थांबले होते. खिडकीवर मामींनी उन्हासाठी पडदा लावला होता. पडदा बाजूला झाला. पुढच्या पानांवर रेषा हळूहळू बाहेर येते.

निघताना तिने ती वही मला दिली. आज मी ती बरोबर आणली आहे. विद्यार्थ्यांना पाहावयाची असेल तर कार्यक्रम संपल्यावर व्यासपीठाच्या उजव्या बाजूच्या टेबलावर ठेवलेली असेल. पाने जपून उलटावीत. समुद्राच्या पाण्याने काही ठिकाणी शाई पसरली आहे.